उजव्या हाताचा निर्णय

बाबा, डाव्या हाताने लिहितोय, तेव्हा अक्षरावरून बोलू नका. उजव्या कोपरातला टेंडन तुटलाय. मंडळाच्या विसर्जनाला गणपतीचा पाट मी पुढून धरला होता, तुमच्या जागेवरून. इथे कोलकात्यात मूर्ती उतरवायला हमाल मिळतात. आपला गणपती आपणच उचलायचा हा हट्ट तुमचा, आणि पन्नाशी उलटली तरी मी तो चालवतोय. घाटाच्या पायरीवर पाय सरकला, सगळा भार या हातावर आला आणि आत काहीतरी टक्कन तुटलं. दंडाचा गोळा बटाट्यासारखा वर चढून बसलाय.

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून टेंडन हाडाला पुन्हा जोडता येईल. नाही केलं तरी हात चालेल, फक्त पीळ द्यायची ताकद बरीच जाईल. "दादा, डिसीजन आपका है. लेकिन देर मत कीजिए." उद्या उत्तर द्यायचंय. पूर्वीचे डॉक्टर निदान दम तरी द्यायचे! सकाळपासून बालीगंजच्या या फ्लॅटमध्ये येरझारा घालतोय. बसलो की उठावंसं वाटतं. सारखं तुमचं उदाहरण देतो म्हणून बायको वैतागलीय. "बाबांचं राहू दे. हात तुझा आहे," म्हणाली.

पण तुमचंच डोळ्यांपुढे येतं. गार्डन रीचच्या ऑफिसात कपाट सरकवताना तुमचाही असाच तुटला होता. ऑपरेशनला तुम्ही साफ नाही म्हणालात. काही दिवस हात गळ्यात, मग "चालतंय की!" आम्हीही ते खरं मानलं. त्या दिवाळीत आई चकलीचं पीठ भरून सोऱ्या तुमच्या हातात देते. दरवर्षी तो तुम्हीच फिरवायचात. तुम्ही दोन वेढे देता, थांबता आणि "पीठ किती घट्ट भिजवलंयस!" म्हणून तिच्यावरच खेकसता. आई पाण्याचा हात लावून पीठ सैल करते. चकल्या तेल पिऊन मऊ पडतात. पुढच्या वर्षीपासून त्या पुण्याहून यायला लागल्या, आणि त्याबद्दल घरात कुणी काही विचारलं नाही.

घाबरला होतात का हो तुम्ही? मी घाबरलोय. नस दुखावू शकते, असंही डॉक्टरांनी सांगितलंय. तरी उद्या हो म्हणणार आहे. हे पत्र धाडायला पत्ता नाही, ते बरंच आहे. तुम्ही असतात तर "कशाला उगाच चिरफाड?" म्हणाला असतात आणि मी या वयातही निमूट ऐकलं असतं. तुमची आठवण रोज येते, बाबा. पण तुम्ही नाही आहात याचं आज पहिल्यांदाच मला बरं वाटलं.