शेवंतेची ओटी

हुबळी,
१६ ऑगस्ट १९७८

तीर्थरूप अण्णा,

अळणावरपर्यंत डोकं पोचत नाही, म्हणून इथूनच तुमच्या पायांवर ठेवलं आहे असं समजून आशीर्वाद द्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? माझं पोट बिघडलेलं आहे (ते ठीक असलं की मलाच चुकल्यासारखं होतं). पाऊस बरा आहे, दुकानात छत्र्या खपतात.

तुमच्या धाकट्या भावजयीचं मात्र काही खरं नाही. दोन वर्षांपूर्वी तुम्ही जंगलाकडेला सापडलेलं चितळाचं पाडस टोपलीत घालून आणलंत आणि 'मंगला, ही घे तुला लेक' म्हणालात. (आम्हाला मूलबाळ नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक. तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण तिनं ते पदरात घेतलं.) नाव शेवंता ठेवलं, बाटलीनं दूध पाजलं, अमावास्येला दृष्ट काढली. शेवंतेनं शेजारच्या हिराबाईंचे वाळत घातलेले सांडगे, त्यांची तुळस आणि माझं नवं कोरं धोतर एवढा फराळ केला. मग मे महिन्यात जंगलखात्याचा साहेब आला, हरीण घरात ठेवणं गुन्हा आहे म्हणाला आणि शेवंतेला नवनगरच्या पलीकडे नव्यानं उघडलेल्या प्राण्यांच्या बागेत घेऊन गेला, हे तुम्हाला कळवलंच होतं. तेव्हापासून मंगला 'शेवंता बागेत आहे' असं चुकूनही म्हणत नाही. 'सासरी आहे' म्हणते.

आता लेक सासरी गेली की पहिल्या श्रावणात तिची विचारपूस करायची, ओटी भरायची, ही आपली रीत. रविवारी मंगला ठेवणीतलं इरकल नेसली, हिरवा खण, नारळ, तांदूळ नि लाडवांचा डबा घेतला, मला टोपी घालायला लावली (व्याह्यांकडे जायचं ना!) आणि आम्ही बसनं निघालो. बागेच्या दाराशीच वाद. लेकीच्या घरी जायला तिकीट कसलं, असं ती कानडीतून विचारू लागली. मी मागच्या मागं दोन तिकिटं काढली.

मला जनावरं बघायला आवडतात, खोटं कशाला बोलू? बिबट्याच्या पिंजऱ्याशी मीच कोपरं मारत पुढं घुसलो. तो झोपलेला. तिकीट काढलेल्यांना हे कसं खपावं? सफारी घातलेल्या एका सद्गृहस्थांनी 'एळो, एळो!' (ऊठ रे, ऊठ) करत शेंगांची टरफलं मारली. बिबट्यानं एक डोळा उघडला, आम्हा सगळ्यांना बघितलं आणि मिटला. शेजारी अस्वल सहा पावलं जायचं, वळायचं, पुन्हा सहा पावलं यायचं. लोक म्हणाले, नाचतंय. मीही हसलो, नंतर उगाच वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असताना पुन्हा बघितलं. गाढव आहोत आपण, अण्णा. आणि तिथं गाढवाला तेवढा पिंजरा नाही.

हरणांच्या कुंपणात नऊ चितळं, सगळी एका साच्यातली. मंगलानं 'शेवंते, अगं शेवंते' म्हणून तांदूळ पुढं केले, तशी जाळीशी एकच झुंबड उडाली. आपली कुठली ते ओळखेना, तेव्हा तिनं दिसेल त्या कपाळाला कुंकू लावायचा सपाटा लावला. मग खण पुढं केला, तो एका शिंगवाल्या दांडग्यानं तोंडात धरला आणि चघळायला लागला. "मेल्या, बाईमाणसाची ओटी ती!" मंगला किंचाळली. राखणदार धावत आला, 'यक्का, तिन्नाक एनू कोडब्याड्री' म्हणाला (खायला काही देऊ नका म्हणे, सांगायची वेळ बघा!) आणि निम्मा खण ओढून काढला. निम्मा पोटात. जनावरांचे डॉक्टर आले. दांडगा रवंथ करीपर्यंत (म्हणजे पोट ठीक असल्याची खूण) जागचं हलायचं नाही, असा आम्हाला हुकूम झाला. बाकावर बसवलं, इरकल-टोपीसकट. कलघटगीहून आलेलं एक कुटुंब आमच्यासमोर बराच वेळ उभं होतं. त्यातल्या म्हातारीनं मला शेंगदाणे देऊ केले. भूक लागली होती, घेतले.

दिवे लागायच्या सुमाराला दांडग्यानं कृपा केली, सुटलो. घरी आल्यावर मंगला म्हणाली, माझ्या लेकीनं मला ओळख दिली नाही. मी म्हटलं, खुळी का काय तू, हरणाला कसली आलीय माया! त्यावर ती न जेवता निजली. बायकांपुढं शहाणपण चालत नाही, हेच खरं.

वहिनींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (म्हणजे आज्ञा ऐकून घेणारा),
आनंदा

ता. क. – मंगला अजून नीट जेवत नाही. येत्या रविवारी पुन्हा जायचं म्हणते, मला घेऊन, आणि शेवंतेची चहाडी कुणी केली ते तिथल्या साहेबाला विचारायचं म्हणते. तेव्हा माझं एक काम करा. शनिवारच्या आत या आणि जंगलखात्याला तुम्हीच कळवलं होतं असं तिला सांगा. तुम्ही थोरले दीर, तुम्हाला ती उलटून बोलायची नाही.

पुन्हा ता. क. – साहेब आपल्या पायानं आला नव्हता. धोतर खाल्लं त्या रागाच्या भरात अर्ज मीच दिला. आणि आणखी एक, हे मात्र तिला कुणीच सांगू नये. मंगला डॉक्टरांशी भांडत होती तेव्हा एक हरिणी बाकामागच्या जाळीशी आली. उजव्या कानाला चीर, आमच्या न्हाणीच्या पत्र्यानं पडलेली. जाळीतून तोंड काढून माझा हात चाटत उभी राहिली, बराच वेळ. मंगला दहा पावलांवर होती. मी हाक मारली नाही.