मास्तरांनी लावलेला कौल

मामा, तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली आणि आज मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. तुम्ही समोर बसलेले असताना ती विचारायचं धाडस झालं नाही. तुमची मुलगी पलीकडच्या खोलीत पोथी वाचते आहे. मोठ्यानं वाचते, म्हणजे माझ्या कानांवर पडावं आणि थोडं पुण्य मलाही लागावं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, हा प्रयत्न अजून चालू आहे. मी तिला रोज सकाळी पूजेची फुलं काढून देतो, कारण तिचे गुडघे दुखतात, आणि ती मला विचारते की देवच नाही तर फुलं कुणासाठी काढता. तुझ्यासाठी, असं मी म्हणतो. मग चहा जरा गोड येतो.

मिठाचा सत्याग्रह होऊन गेला त्या साली मी मुंबईहून आगबोटीनं रत्नागिरीला उतरलो आणि खाडी ओलांडून तुमच्या गावच्या लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर म्हणून हजर झालो. तिथं कळलं की शाळेला इमारतच नाही, ती देवळाच्या सभामंडपात भरते. देव न मानणाऱ्या माणसाला बोर्डानं नेमकं देवळात आणून बसवलं होतं, आणि तुम्ही त्या देवळाचे गुरव. पहिल्याच आठवड्यात मी मुलांना सांगितलं की देव हा माणसाच्या डोक्यातून निघालेला आहे. तुम्ही आत पूजा करत होता. घंटा खाली ठेवून बाहेर आलात, मला वाटलं आता नोकरी गेली. तुम्ही माझ्या पायांकडे बघितलंत आणि म्हणालात, "देव नाय म्हनून शिकवा हवा तर, मास्तर. पन व्हाना भायेर काढून शिकवा." त्या दिवसापासून मी अनवाणी नास्तिक झालो.

तुमची मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची. फुलांची परडी घेऊन यायची आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर हार ओवत माझे धडे ऐकायची. एकदा मी वीज कशी पडते ते समजावत होतो, तर तिथूनच म्हणाली की ढग घासतात हे समजलं, पण त्यांना घासायला लावतं कोण? मुलं हसली. दिवसभर मी उत्तर शोधत राहिलो आणि उत्तरापेक्षा तिचाच विचार जास्त केला. पुढचं वर्षभर आम्ही भांडलो, रोज, हार संपेपर्यंत. हार लांबत चालले आहेत हे देवाच्या आधी तुमच्या लक्षात आलं असणार.

मी मागणी घालायला आलो तेव्हा जातीची अडचण नव्हती. माझे आजोबाही गुरवच, फक्त वडील मुंबईला गिरणीत लागले आणि मी देवळाबाहेर वाढलो. तुम्ही शांतपणे पान जुळवलंत आणि म्हणालात, देवाला विचारू. म्हणजे कौल. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. मी तिला आडबाजूला गाठून म्हटलं की हा सगळा पाण्याचा खेळ आहे, जी कमी ओली ती आधी पडते. ती म्हणाली, "असेल. पण त्यानं नाही म्हटलं तर मी लग्न करणार नाही. आणि पुष्कळ रडेन." तिचं बोलणं किती पक्कं असतं ते तुम्ही जाणताच. माझी झोप उडाली.

त्यात तुम्ही पाकळ्या लावायचं काम माझ्यावरच टाकलंत. "माज्या मुलीचा सवाल. मी लावल्या तर गाव म्हनेल बापान जमवलान. तुमी मानत नाय, तुमीच लावा."

सकाळची वेळ आहे. विहिरीवर आंघोळ करून मी ओलेत्या पंच्यानं मूर्तीसमोर उभा आहे, बाहेर मानकरी बसलेत, ती खांबाला धरून उभी आहे. तुम्ही गाऱ्हाणं घालता, माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. आणि मी, पोरांना खरं बोलायला शिकवणारा मास्तर, लबाडी करतो. माझ्या उजव्या हाताची पाकळी कोरडीच नुसती टेकवतो, डाव्या हाताची पाण्यात बुडवून अंगठ्यानं घट्ट दाबतो. मग वाट बघणं. मध्येच तुम्ही समईची वात सारखी करायला आत वाकता. तुम्ही बाजूला सरता आणि पाकळी गळते, डाव्या हाताची, ती घट्ट दाबलेली. सगळं संपलं असं वाटलं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "उजवा दिलान," बाहेर एकच गलका झाला आणि खांबाआड तुमची मुलगी हसत हसत रडायला लागली.

मला वाटलं, माझ्यासाठी तुम्ही देवासमोर खोटं बोललात. लग्नानंतर मी तिला सहज विचारल्यासारखं केलं की उजवा कुठला धरतात. ती म्हणाली, देवाचा उजवा, तो आपल्याकडे तोंड करून बसलाय ना? माझा उजवा तो देवाचा डावा. म्हणजे मी एवढी अक्कल लढवून देवाकडून नकार मिळवायची व्यवस्था केली होती, आणि तरी होकार आला.

ती माहेरी गेली असताना मी पाटा भिंतीला उभा करून पाकळ्या लावून पाहिल्या. दहा वेळा लावल्या, दहाही वेळा कोरडीच आधी पडली. हे तिला सांगायची सोय नाही. लबाडी केली म्हणून आठवडाभर बोलणार नाही, आणि नंतर जन्मभर जिंकल्यासारखी हिंडेल.

तेव्हा मामा, विचारायचं ते हे, की वात सारखी करताना तुमचं बोट लागलं होतं का? त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं होतात. किती संध्याकाळी आपण ओटीवर सुपारी कातरत बसलो, कधीही विचारता आलं असतं. तुम्ही खरं तेच सांगितलं असतंत, म्हणूनच विचारलं नाही. हे पत्रही तिच्या हाती लागण्याआधी बंबात घालणार आहे, म्हणून उरलेलं लिहून टाकतो. ती पाकळी दाबताना मी मनात म्हणालो होतो, एवढी मला दे, पुन्हा काही मागणार नाही. तुम्ही माझ्या पाठीशीच उभे होतात, मामा, पण मी ते तुम्हाला म्हणालो नव्हतो.