चिनू अकोल्याला जाणार

११ एप्रिल
उजाडायच्या आत झाडांना पाणी. नळाचा दिवस नव्हता, टाकीतलंच पुरवून पुरवून घातलं. गुलाबांवर हिरवी जाळी बांधायची राहिलीच आहे. कडेच्या कुंड्यांतली पानं करपायला लागली. चिनू उठली तशी परडी घेऊन आंब्याखाली. रात्रीच्या वाऱ्यानं पडलेल्या सुपारीएवढ्या कैऱ्या वेचल्या, व्हरांड्यात ओळीनं मांडल्या, वरून ओला रुमाल. म्हणे दवाखाना आहे, कोणी आवाज करायचा नाही. मला ऑफिसला उशीर.

संध्याकाळी प्रशांतचा फोन. आधी उन्हाचं बोलला. अकोल्यात कसं तापून राहिलं वगैरे. मग म्हणाला, "ताई, जूनपासून चिनूले इकडंच आणतो म्हणतो. मेघनाही म्हणून राहिली."
मी म्हटलं, कढी उतू चालली, मग बोलते. कढी नव्हतीच.

१३ एप्रिल
काल काही लिहिलं नाही. काय लिहायचं. बाप आहे तो तिचा.
स्मिता, चिनूची आई, गेली तेव्हा ही अकरा महिन्यांची. प्रशांतला स्वतःचंच भान नव्हतं. मीच त्याला म्हटलं होतं, पोरगी राहू दे माझ्याजवळ, तुझं बस्तान बसेपर्यंत. आता ती तिसरीत जाईल. मागच्या वर्षी त्याचं दुसरं लग्न झालं. मेघनाचं स्थळही मीच आणलं. मुलगी शांत आहे, लेकराला जीव लावेल, असं सगळ्या नातेवाइकांना मीच सांगत फिरले.
जीव लावेल म्हटलं होतं. घेऊन जाईल असं नव्हतं म्हटलं.

१९ एप्रिल
जाळी बांधली एकदाची. चिनूनं खालून सुतळी धरली, मी स्टुलावर. मधेच म्हणाली, आत्या, तू पडली तर मी कुणाकडे जाऊ? मी म्हटलं, मी कशाला पडते. ती म्हणाली, पण पडली तर.
प्र. रोज विचारतो, सांगितलं का तिला. तूच सांग, तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला बरं वाटेल, म्हणतो. माझ्या तोंडून ऐकून तिला काय बरं वाटणार, हे त्यालाच माहीत.

२४ एप्रिल
पेपर संपले. चिनूचं तोंड आलं, कैरी आणि तिखटमीठ खाऊन खाऊन. तूप लावलं. ओठ पुढं काढून दिवसभर फिरली.
डाळिंबाला फूल धरलंय. चिकू काढून कोठीत कणसाखाली... नाही, गव्हात दाबले. डोकं ठिकाणावर नाही.
शेजारच्या नसीमभाभींना सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. भिंतीवर हात टेकून ऐकत राहिल्या. शेवटी इतकंच म्हणाल्या, "सांगा तिले, पण रडत रडत नका सांगू. लेकरू घाबरते."
म्हणून आज सांगितलं नाही. रडू येऊन राहिलं होतं.

२ मे
निकाल. सगळ्या विषयांत छान. बाईंनी कौतुक केलं, मला पेढा दिला. मग खाली ऑफिसात टी.सी.चं विचारलं. खिडकीतला माणूस चांगला बोलला, पण अर्जावर वडिलांची सही लागेल म्हणाला. मी म्हटलं, आजवर सगळीकडे माझीच चालली. तो म्हणाला, मॅडम, ते वेगळं.
बाहेर चिनू झोक्यावर बसून पेढा चाटत होती. घरी येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. घामानं निसटत होता तरी.

५ मे
तिला कळलं. माझ्याकडून नाही.
दुपारी मेघनानं व्हिडिओ कॉल केला. जठारपेठेतलं घर दाखवलं, दुकानाच्या वरचं. भिंतीला नवा रंग, खिडकीजवळ छोटा पलंग. "हे कोणाचं आहे सांग बरं?" चिनू म्हणाली, कोणाचं? मेघना म्हणाली, तुझं. मग तिच्या लक्षात आलं असावं. पलीकडे चेहरा पडला तिचा. "ताईंनी सांगितलं नाही काय तुले?"
चिनूनं माझ्याकडे पाहिलं. मी जाईन तिकडे आत्यापण येईल, असं धरून चालली होती ती. "आपला पलंग कुठी आहे, आत्या?" मी म्हटलं, मी नाही ग. माझं ऑफिस इथं. झाडं आहेत.
"मग झाडाले पाणी नसीमभाभी देईन," म्हणाली.
जेवली नाही. नंतर जेवली.

६ मे
आज काही विचारलं नाही. दिवसभर माझ्या मागं मागं. न्हाणीघराच्या दारातही उभी.

१० मे
मेघना आठ दिवस इथं राहायला येते. तिचंच म्हणणं. एकदम उचलून नेलं तर पोरगी बुजेल, आधी मीच येऊन राहते, असं प्रशांतला म्हणाली. शहाणी आहे. मला आवडलं नाही.

१२ मे
मेघना आली. सोबत चिनूसाठी फ्रॉक, मला साडी. साडी कशाला, मी काय बाळंतीण आहे का. तसं बोलले नाही, पण तोंडावर आलं असणार.
ती चिनूला भिते. जवळ जाताना आधी माझ्याकडे बघते. ताई, हिला वरण घट्ट लागते की पातळ? वेणी ओढून घालायची की सैल? मी सगळं सांगितलं. खरं खरं सांगितलं. एकदा वाटलं की सांगू नये, हिचं हिला शोधू दे. पण वेणी ओढली तर दुखणार चिनूला.

१४ मे
ऊन फार. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. दोघी कूलरपुढं पत्ते खेळून राहिल्या होत्या, मी ऑफिसातून आले तेव्हा. मेघना लबाडी करते आणि चिनू पकडते, असा खेळ. चिनू हसत होती. मी चप्पल काढून तिथंच उभी राहिले. त्यांना कळलंच नाही मी आले ते.

१६ मे
आज माझ्या हातून वाईट झालं. लिहून ठेवते.
घरी आले तर गुलाब सगळे उकडल्यासारखे. गुलकंदाचा मोठा देशी गुलाब, कलमी चारही, पानं काळी पडून लोंबलेली. माती ओली. विचारलं, पाणी कधी दिलं? मेघना म्हणाली, दुपारी फार कोमेजली दिसली म्हणून... पाइप उन्हात पडलेला असतो, त्यातलं पाणी चहासारखं कढत असते त्या वेळी. हात लावून पाहायचा की नाही? मी नको तेवढं बोलले. झाडांचं कळत नाही तर हात कशाला लावता, असं म्हटलं. पुढं म्हटलं, लेकराचंही असंच कराल.
हे कसं बोलले मी.
मेघना रडली नाही. उभी राहिली नुसती. चिनू मधे आली, तिचा पदर धरला. मेघनाचा. आणि मला म्हणाली, "आत्या, तिले रागवू नको. मीच म्हटलं होतं पाणी दे म्हणून."
खोटं आहे. चिनू चार वर्षांची असल्यापासून जाणते, उन्हात पाणी द्यायचं नाही. मला शिकवते उलट. मेघनाला वाचवायला बोलली. आणि माझ्याकडे असं पाहत होती, जणू मी आता मेघनाला मारणार.

१७ मे
सकाळी मेघनाची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी बोलल्या ते बरंच झालं ताई. मलेही रात्रंदिवस तीच भीती वाटते."
दोघींनी मिळून करपलेल्या फांद्या छाटल्या. कात्री कशी तिरपी धरायची ते दाखवलं. देशी गुलाबाचा बुंधा हिरवा आहे अजून.
तिच्यावर धड रागही धरता येत नाही मला. वाईट असती तर भांडले असते प्रशांतशी. कोणाचंही ऐकलं नसतं.

२० मे
मेघना परत गेली. चिनू फाटकापर्यंत गेली पोचवायला. परत येऊन विचारलं, "आता ती एकटीच जाईन बसमधी?"

२७ मे
आंबा उतरवला. गडी भातकुलीहून आला होता, तोच शेणखतही टाकून गेला. यंदा माल कमी, पण फळ गोड. अर्धे पाडाचे आढी लावून ठेवले. लोणच्याच्या कैऱ्या फोडल्या. चिनू कोयी बाजूला काढायला बसली, हात पिवळे. मसाला कालवताना म्हणाली, माझी बरणी वेगळी भर, लहान. मी भरली. ती बरणी ती घेऊन जाणार, हे बरणी भरून झाल्यावर माझ्या डोक्यात आलं.

२ जून
कपडे बघितले. अर्धे तोकडे झालेले. कुणाला द्यायचे ते वेगळे केले आणि मग परत कपाटात ठेवले.
ती दोन वर्षांची असताना मला एक स्थळ आलं होतं, परतवाड्याचं. माणूस बरा होता. मुलगी सोबत नको म्हणाले. मी नाही म्हटलं, आणि पुन्हा त्याचा विचारही केला नाही. आज आठवलं. पश्चात्ताप नाही. फक्त आठवलं.

८ जून
गेली.
प्र. सकाळीच गाडी घेऊन आला. आंब्याची पेटी, लोणचं, सायकल, सगळं मागं बसवलं. मी वेणी घातली, सैल. तिनं नवा फ्रॉक घातला होता, मेघनानं आणलेला. मी ठरवलं होतं रडायचं नाही, नसीमभाभींनी सांगितल्यासारखं, आणि नाही रडले. तीही नाही. प्रशांतनं मूर्तिजापूरला आइस्क्रीम कबूल केलं होतं, तिला तेच लागलं होतं. कोणतं मिळते तिथं, विचारत होती. गाडी वळली तेव्हा ती पुढं बघून राहिली होती.
बरंच आहे. रडत गेली असती तर काय केलं असतं मी.
प्रशांत निघताना पाया पडला. उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी. "ताई, तू होती म्हणून..."  मी पुढं बोलू दिलं नाही.

९ जून
वेणी नाही, डबा नाही. ऑफिसला इतक्या लवकर पोचले की शिपाई कुलूप काढून राहिला होता.

११ जून
रोज संध्याकाळी फोन. तीन दिवस भरभरून बोलली. गच्चीवरून रेल्वे दिसते. खालच्या मजल्यावर तिच्याएवढी मुलगी आहे. मेघनाला पोळ्या गोल येत नाहीत.
फोन ठेवल्यावर बागेत गेले. पिकलेले आंबे खाली पडून फुटलेले, मुंग्या. खार येऊन उरलेलं खाते. आढीतले नसीमभाभींकडे पाठवून दिले सगळे. घरात वास नको होता.

१४ जून
आज फोनवर "हं", "हो", "नाही". काय जेवली? भाजी. कोणती? माहीत नाही.

१६ जून
चिनू फोनवर आलीच नाही. प्र. म्हणाला, खेळून राहिली. मागून पंख्याचा आवाज, आणि कोणी खेळत असल्यासारखं काही नाही.

१७ जून
प्र.चा फोन, दुकानातून. फोन झाला की चिनू तासभर कोपऱ्यात बसते, कोणाशी बोलत नाही, म्हणे. "ताई, वाईट नको वाटून घेऊ. दिवाळीपर्यंत फोन नको करू. तिचं मन लागू दे इकडं."
मी म्हटलं, ठीक आहे.
दिवाळी म्हणजे केवढी लांब. झाडांना विचारलं तर ती सांगतील. तेरडा, झेंडू, मग कुठं दिवाळी.

१९ जून
मेघनाचा फोन, ऑफिसात, जेवणाच्या सुटीत. प्रशांतला न सांगता केला. आवाज बारीक.
"ताई, मागच्या आठवड्यात तिनं मले आई म्हटलं. स्वतःहून. पाणी मागताना. आणि मग काय झालं माहीत नाही, एकदम गप्प झाली. तेव्हापासून माझ्याकडं पाहतच नाही. फोनवर यायलेही तयार नाही. चोरी केल्यासारखं तोंड करून बसून आहे."
मग ती म्हणाली, "तुमीच सांगा ना तिले, की म्हटलं तर चालते. माझं नाही ऐकणार ती. तुमचं ऐकन."
सांगते म्हटलं. जेवणाचा डबा तसाच बंद करून ठेवला.

२० जून
कोणाला कधी सांगितलं नाही हे.
बोलायला लागली तेव्हा ती मला आईच म्हणायची. पहिला शब्दच तो. मला किती आवडायचं, देवच जाणे. पण भिंतीवर स्मिताचा फोटो. तिची जागा घेतल्यासारखं वाटायचं, म्हणून मीच सवय मोडली. "आत्या म्हण. आ-त्या." पोरगी गोंधळायची, हट्ट करायची, रडायची. मी ओ दिली नाही. आई म्हटलं की बघायचंच नाही तिच्याकडे, असं बरेच दिवस केलं. मग शिकली.
तिला ते आठवत असेल का? दीड वर्षाच्या लेकराला काय आठवणार. पण मग गप्प का झाली.

२१ जून
दिवसभर मनात जुळवत होते. चिनू, आई म्हणायचं मेघनाला, मला राग नाही येणार. चिनू, आत्या ती आत्याच, कुठी जात नाही. ऑफिसात दोनदा चुकीचं टाइप केलं.
संध्याकाळी मेघनानं फोन लावून तिच्या कानाला धरला. प्रशांत दुकानात होता. श्वास ऐकू येत होता नुसता.
म्हटलं, चिनू.
"हं."
म्हटलं, ऐक ना, मेघना सांगत होती...
एवढ्यावर तिचा श्वासही थांबला. मला कळलं, रागवायलाच फोन केला असं वाटून राहिलं तिला. पुढचे शब्द सगळे होते माझ्याजवळ, ओळीनं. आले नाहीत.
 मग तिनंच विचारलं, "आत्या, तू आता काय करून राहिली?"
मी म्हटलं, काही नाही ग, बसली आहे.
"एकटीच?"
हो म्हणाले. मग मेघना म्हणाली, ठेवू काय ताई? मी म्हटलं, रविवारी येते. फोनवर नाही जमत. समोर बसवून सांगते तिला. प्रशांतला मी बघते.
मेघना "या" म्हणाली. पण मागून चिनूनं विचारलेलं ऐकलं मी, "काहून येऊन राहिली आत्या? मले न्यायले?"
मेघनानं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. फोन बंद झाला होता.
रविवारी सकाळची बस.