खऱ्या गाडीतली एक फेरी

३ फेब्रुवारी
ठरलं! महिनाअखेरीस गॅरेजमधल्या सगळ्यांची शर्यत — रिमोटच्या गाड्यांची. मालक म्हणाले, "जिंकेल त्याला दोन सीटच्या रेसकारमध्ये एक फेरी." इतकी वर्षं या गाड्यांचे टायर चढवतोय, उतरवतोय. आत कधी बसलो नाही! देवा, एकदाच.

४ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. "अहो, नातवंडं खेळवायचं वय आलं, आणि तुम्हीच खेळा!" म्हणाली. पण टेबलावरची भांडी उचलून मला जागा करून दिली.

७ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत आमच्या रेसकारच्या ड्रायव्हरला विचारलं — टीव्हीवर दिसते ती फक्त सरळ पट्टीवर पळणारी लांबुडकी गाडी आणि आपली वळणांच्या ट्रॅकवरची, दोघींत वेगवान कोण? हसला. "कुठे, ते आधी सांगा मामा."
लांबुडकी सरळ रस्त्यावर बाणासारखी सुटते, पण वळण आलं की तिचं काही खरं नाही. आपली सरळ रस्त्यावर मागे पडेल, पण वळणावर रस्ता सोडत नाही. म्हणजे नुसतं इंजिन दांडगं असून भागत नाही! गावच्या शाळेत गुरुजींनी हे कसं सांगितलं नाही? सांगितलंही असेल. मी खिडकीबाहेर बघत असणार.

११ फेब्रुवारी
वजन कमी म्हणजे वेग जास्त. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझ्या रिमोटच्या गाडीचा एकेक स्क्रू तोलला. जादा ते सगळं काढलं. मागचा आडव्या फळीसारखा पंखही काढला — नुसता शोभेचा!

१५ फेब्रुवारी
चाचणी. सरळ रस्त्यावर काय पळाली! गाड्या रंगवणारा आमचा रंगारी एरवी गप्प बसत नाही, तोही बघत राहिला. मग पहिलं वळण — गिरकी! पुन्हा सोडली — पुन्हा गिरकी, आणि थेट त्याच्या रंगाच्या डब्यावर.
"मामा, गाडी आणलीत की भोवरा?"
लाज वाटली.

१६ फेब्रुवारी
गच्चीवर तोंड पाडून बसलो होतो. वारा जोराचा. बायको धुतलेली ताटं वाळायला ठेवत होती. "पंख का काढलात?"
"शोभेचा होता."
तिने ताट वाऱ्यात आडवं धरलं. पुढची कड वर केली — हात वर उचलला गेला. खाली केली — हात दाबला गेला. "तुमचा पंख कसा होता?"
पुढून खाली झुकलेला! म्हणजे वाराच चाकं रस्त्यावर दाबून धरतो! आणि मी जन्मभर टायरच्या वर बघितलंच नाही.

१७ फेब्रुवारी
पंख परत लावला. सरळ रस्त्यावर किंचित मंद. पण वळणावर — चिकटून! देवापुढे हात जोडले, मग बायकोपुढे. "पुरे," म्हणाली.

२८ फेब्रुवारी
जिंकलो!! शेवटच्या वळणापर्यंत रंगारी पुढे होता. त्याची घसरली, माझी नाही!
मग हेल्मेट घातलं. खऱ्या गाडीत पाय टाकला, अंग खाली सोडलं — आणि कमरेत अडकलो. सीट चिंचोळी. दोघांनी ओढूनही पट्टा लागेना. खेळण्यातला एकेक स्क्रू तोलणारा मी, स्वतःचं पोट विसरलो!
"मामांचा एखादा स्क्रू काढायचा का?" रंगारी. सगळे हसले, मीही हसलो. डोळ्यांत पाणी होतं ते हेल्मेटमुळे दिसलं नाही.
माझा डबा घेऊन शर्यत बघायला आलेल्या माझ्या बायकोकडे मालकांनी पाहिलं. "वहिनी, तुम्ही बसता?"
नाही म्हणेल असं वाटलं. तिने डबा माझ्या हातात दिला, माझं हेल्मेट चढवलं आणि बसली!
गाडी गेली. मी नामस्मरण करत उभा. परत आली तेव्हा केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद. "अहो, वळणावर खरंच खाली दाबते हो! पोटातून कळतं!"

१ मार्च
थोडं वाईट वाटतंय. खोटं कशाला लिहू? पण भाजी ढवळताना तिचा हात वळणं घेत होता. बघत बसलो.

४ मार्च
कामावरून आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू किल्ली देत म्हणाल्या, "ड्रायव्हिंग क्लासला गेलीय. आज पहिला दिवस. तुम्हाला बोलली नाही?"
चहा माझा मीच केला. साखर जास्त पडली. दुसरा कप झाकून ठेवलाय.