रिकाम्या वर्गातलं ‘बरोबर’

प्रिय करिश्माताई,

तू फोन उचलत नाहीस, ते ठीकच आहे. मी तुझ्या जागी असतो तर नंबर ब्लॉकच केला असता. सध्या अकोल्यात आहे, जुन्या शहरात एका पापडवाल्याच्या वरची खोली. परतवाड्याचं लग्नांच्या शूटिंगचं काम सुटलं. मधे महिनाभर रिद्धपूरला एका फोटोवाल्याकडे होतो, तिथे जेवण बरं होतं, पण मालक फार उपदेश करायचा. जाऊ दे. मी कुठे टिकलो म्हणून सांगू.

सांगायचं ते हे, की मी रोज तुला बघतो. आपण दोघांनी केलेले ते अठ्ठेचाळीस व्हिडिओ तुझ्या अमरावतीच्या कॉलेजनं संस्थेच्या इथल्या कॉलेजलाही दिले. नव्या अभ्यासक्रमात वनस्पतिशास्त्राचा अर्धा पेपर ऑनलाइन झाला आणि मला ऑपरेटर म्हणून ठेवलं. साठ पोरं बसतात, मी बटण दाबतो, तू त्या पिवळ्या ओढणीत भिंतीवर येतेस. तिकडे व्हिडिओ आले म्हणून तुझ्या तासिका बंद, तू चांदूर बाजारात आईसोबत भाजीच्या दुकानात सांभाराच्या हिरव्या जुड्या बांधतेस, आणि इथे रोज अकराला शिकवतेस. पोरांना वाटतं, म्याडम अमरावतीत पर्मनंट असतील.

आठवतं ना, एप्रिलात आवाज येतो म्हणून पंखा बंद करून रेकॉर्डिंग केलं होतं. रिकाम्या वर्गात तुला बोलताच येईना, म्हणून कॅमेरा लावून मी पहिल्या बाकावर बसलो. तू वर्गात विचारतेस तसा प्रश्न विचारायचीस, थांबायचीस, मी बारावी नापास माणूस नुसती मान हलवायचो आणि तू म्हणायचीस, बरोबर. नंतर तू ते कापायला सांगितलंस. मी म्हटलं, राहू दे, जिवंत वाटतं. माझी अक्कल.

गेल्या महिन्यात पानांच्या रंध्रांचा तास लावला. पानाला पाणी कमी पडलं की रंध्रं काय करतात, असं विचारून तू थांबलीस. खुशी नावाची पोरगी उठून म्हणाली, उघडतात. भिंतीवरून तू म्हणालीस, बरोबर, आता पुढचं चित्र बघा. परीक्षेत चाळीस जणांनी उघडतात लिहिलं आणि चुकले, उत्तर होतं मिटतात. पेपर हातात घेऊन खुशी माझ्याकडे आली. म्हणे, सर, म्याडम तर बरोबर म्हनल्या होत्या. मी मागे घेऊन पुन्हा लावलं. तू पुन्हा बरोबरच म्हणालीस. तेव्हा ती म्हणाली, “मंग म्याडमलेच बोलवा ना इथं. थ्या व्हिडिओले काय विचारू मी?”

मी संस्थेच्या सचिवांकडे, भगवंतरावांकडे गेलो. म्हटलं, म्याडमना निदान आठवड्यातून दोन तासिका द्या, पोरांच्या शंका राहतात. त्यांनी फाइल काढून एका कागदावर बोट ठेवलं. “काहून बोलवाव? बाईनं लिहून देलं ना, व्हिडिओ कायमचे संस्थेचे, पुन्हा हक्क सांगनार नाही. खाली सही आहे तिची.”

ताई, तासिका बंद झाल्यावर तू विचारायला गेलीस तेव्हा त्याच कागदाची झेरॉक्स त्यांनी तुलाही दाखवली होती. तू बाबांना सांगितलंस, तासिकांच्या बिलांच्या गठ्ठ्यात न वाचता सही केली असेल, चूक माझीच. वर्षभर तू स्वतःला दोष देत बसलीस आणि मी ऐकत राहिलो. तू सही केलीच नव्हती. तू तो कागद वाचून सोमवारी आणते म्हणून घरी नेलास. व्हिडिओंचं उद्घाटन त्याआधी शनिवारीच होतं. कागदाशिवाय व्हिडिओ दाखवणार नाही म्हणाले, आणि मला पडद्यावर माझं नाव बघायची घाई होती. त्याच कागदाची दुसरी, सही नसलेली प्रत ऑफिसातून मागून घेतली आणि तुझी सही मी केली. नाव चार सेकंद आलं, तेही प्रितम असं ऱ्हस्व. भगवंतरावांना हे अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगतोय. फोनवरचं बोलणं तू कुणाला दाखवणार, म्हणून हे हातानं लिहिलं. वकिलाकडे ने, विद्यापीठात ने, कुठे यायचं ते सांग, मी येऊन हेच बोलेन. माझं काय होईल ते बघू नकोस. खालची सही माझी आहे.

तुझाच,
प्रीतम ओमप्रकाश होले