सतरा इंची चाकं

३ मार्च, सोमवार
निर्णय झाला. गाडीला सतरा इंची चाकं बसवायची, वर पातळ टायर. जुनी चौदा इंची बघवत नाहीत. हातगाडीची वाटतात.
हा शौक नाही. बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, पंधरा तारखेला त्यांना हॉस्पिटलातून घरी आणायचंय. मोठं चाक खड्ड्यात पडतच नाही, वरून निघून जातं. साधं गणित आहे. बायकोला समजावलं. ती म्हणाली, मग पातळ टायर कशाला? म्हटलं, ते सोबतच येतात. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

४ मार्च
बाबा आधी महिनाभर आमच्याकडे राहून बघणार. मग कायमचं कुठे राहायचं ते ठरवणार, इथे की धाकट्या भावाकडे. इथेच. मी ठरवून टाकलंय. आई गेल्यापासून मला कशाचंच फारसं काही वाटत नाही, बरंही नाही, वाईटही नाही. बाबा घरात असले तर वाटेल, असा अंदाज.
समोरची खोली रिकामी केली. पलंग खिडकीकडे सरकवला. फरशीवर लांबलचक ओरखडा. त्यावर पायपुसणं टाकलं.

७ मार्च, संध्याकाळ
टायरवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, साहेब, आपल्या रस्त्यांवर हे नका घालू. जाड टायर असला की धक्का रबर खातं. पातळ असला की रिम खाते, आणि उरलेला तुम्ही खाता. वर टेप लावून दाखवलं की नवं चाक टायरसकट जुन्याइतकंच उंच आहे. मधलं धातूचं वाढलं, रबर घटलं, एवढंच.
म्हटलं, बसवा. काही लोकांना स्वतःचा धंदाच कळत नाही.
नंतर पाच मिनिटं नुसता बघत उभा होतो. चाकं चमकत होती. काहीतरी वाटलं. भूक असावी.

८ मार्च
ट्रायल. रस्ता चांगलाच कळतो. बारीक खडीसुद्धा मणक्यापर्यंत कळते. म्हणजे कंट्रोल वाढला. बायको म्हणाली, दात वाजतायत. नाक्यावर उतरून चालत गेली. चालणं तब्येतीला चांगलंच.

१० मार्च
ऑफिस. मी रस्ते दुरुस्ती खात्यात तक्रारींच्या टेबलावर आहे, त्यामुळे शहरातला प्रत्येक खड्डा मला नंबरनिशी माहीत. हा माझा मोठा ॲडव्हान्टेज.
वरून फोन आला, महिन्यापेक्षा जुनी एकही तक्रार उघडी दिसता कामा नये. चौसष्ट तक्रारींपुढे ‘निकाली’ लिहिलं. बुजवले असतीलच. हात भरून आला. पण फायदा असा की हॉस्पिटल ते घर या रस्त्यावर आता फक्त अकरा खड्डे शिल्लक. यादी केली. पाठ करायची.

१३ मार्च
यादी पाठ. बायकोने उलटसुलट विचारलं, एकही चुकलं नाही.
बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. माझ्या शेजारी बसले की सुरू होतात. गिअर उशिरा टाकलास, क्लचवरचा पाय काढ, समोर बघ. परवा असं काही होणार नाही. परवा म्हणतील, छान चालवतोस.

१५ मार्च, सकाळी ७
चाकं पुसली. माझ्या शेजारच्या सीटवर दोन उशा ठेवल्या. निघतो.

१५ मार्च, दुपारी ४
अकराच्या अकरा खड्डे चुकवले, याची नोंद असावी. बाबा वाटभर एक शब्द बोलले नाहीत. त्यांना इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. चालवणं आवडलं असणार.
शाळेच्या कोपऱ्यावर बारावा निघाला. रजिस्टरप्रमाणे तो नाहीच. निकाली, माझ्याच अक्षरात. म्हणून स्पीडही होता. पातेलं आपटल्यासारखा आवाज झाला. डाव्या बाजूच्या दोन्ही रिम वाकल्या, दोन्ही टायर फाटले. स्टेपनी एकच. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.
शेवटी धाकट्याला फोन केला. तो दुकानाचा टेम्पो घेऊन आला, मागे दोन गाद्या टाकून. बाबांना आडवं करून त्याच्या घरी नेलं. तात्पुरतं. उद्या आणतो.

१६ मार्च
डॉक्टर म्हणाले, टाके शाबूत आहेत, पण कंबर पुन्हा धरलीय. महिनाभर गाडीत बसवायचं नाही. म्हणजे बाबा तिकडेच. डॉक्टरांचंच ऐकायला हवं.
टायरवाल्याने रिम उलटीपालटी करून पाहिली. काही बोलला नाही. हल्ली लोक बोलतच नाहीत.

१९ मार्च
शाळेच्या कोपऱ्यावर जाऊन आलो. खड्डा आहे. चांगला गुडघाभर. चूक कंत्राटदाराची. ऑफिसात रजिस्टर काढलं, ‘निकाली’ खोडायला घेतलं. तेवढ्यात चहा आला. उद्या.

३० मार्च, रविवार
धाकट्याकडे गेलो. त्याची बायको म्हणाली, बाबा इथेच राहतो म्हणतायत, कायमचे. त्यांचा पलंग न्यायला माणूस पाठवू का? म्हटलं, पाठव.
बाबांजवळ बसलो. विषय काढायचा म्हणून म्हटलं, तो खड्डा कुणालाच दिसला नसता. बाबा म्हणाले, मला दिसला होता. बराच लांबून. सवयीने उजवा पाय दाबला, ब्रेक समजून. त्यानेच कंबर धरली.
विचारलं, मग ओरडला का नाहीत?
तर म्हणाले, अरे, हॉस्पिटलच्या दारात मला गाडीत बसवताना तूच हात जोडलेस ना. म्हणालास, बाबा, आजचा दिवस माझ्या चालवण्यावर एक शब्दसुद्धा बोलू नका.
म्हणालो होतो. इथे लिहायचं राहून गेलं.
येताना बस स्टॉपवर एकदम रडू आलं. आजूबाजूला माणसं होती, म्हणून फोन कानाला लावून हं, हं करत राहिलो.