पोस्टरवरचा निरोप

३ मे

गुडघा उत्तम. सहाला उठून बंदरापर्यंत पळायचं ठरवलं होतं. पाऊस. गुडघा शेकला. शेकणं हाही सरावच.

आजपासून ब्रेड बंद.

४ मे

नेव्हिननं मक्याच्या पिठात चीज वितळवून पिठल्यासारखं केलं होतं. तव्याला चिकटलेलं ब्रेडनंच पुसावं लागतं. बायकोच्या कष्टांचा मान ठेवला. ब्रेड उद्यापासून बंद.

७ मे

आमच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष हायरेत्तिनसाहेब यांनी आपल्या हेझलनटच्या गोदामात बोलावलं. चहा झाला. दुसरा झाला. मग म्हणाले, तुर्गाय बाळा, तुझ्या डाव्या पायानं या गावाला वेड लावलं. चोवीसला तुझ्यासाठी मॅच ठेवतोय. इस्तंबूलचे तुझे जुने सोबतीही येतील.

मी लगेच ओळखलं. सोबती येणार म्हणजे त्यांच्यामागून तिथल्या माझ्या जुन्या क्लबचे लोक मला परत न्यायला येणार. साहेबांनी तसं म्हटलं नाही. अशा गोष्टी उघड बोलत नाहीत.

निघताना ते डोळे पुसत होते. गोदामात धूळ फार.

१० मे

पोस्टरं लागली. फोटो एकोणिसाव्या वर्षीचा, इस्तंबूलच्या शर्टातला. फार बदललो नाही. वर मोठ्या अक्षरात : निरोपाचा सामना.

साहेब पक्के धंदेवाले. निरोप म्हटल्यावर तिकिटं खपतात.

रमीझ न्हाव्यानं दाढीचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, तुर्गायदादा, आता रोज येऊन बसत जा, पत्ते खेळायला चौथा लागतोच. मी म्हणालो, सप्टेंबरात मी इथे कुठे असणार? सगळे हसले. चांगली माणसं.

१३ मे

नेव्हिनला म्हणालो, इस्तंबूलला घर बघायला हवं. ती म्हणाली, बघ की. पण आधी इस्मेत होजांना उत्तर दे, बिचारे महिनाभर थांबलेत.

होजा आमचे कोच. मी त्यांचा मदतनीस व्हावं, असं त्यांच्या मनात आहे. अडतीस हे वय शिट्टी वाजवण्याचं नाही. गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे नकार, हे होजांना कळायला हवं.

१७ मे

सरावात धाप लागली. मैदानाला चढ आहे. आधी कसा लक्षात आला नाही?

२३ मे

जेंगिझ आला. एकेकाळचा इस्तंबूलचा गोलकीपर, आता दाराएवढा रुंद. जेवताना म्हणाला, हे बघ लेका, पहिल्या हाफच्या शेवटी तुला पेनल्टी मिळेल. समुद्राच्या बाजूला मार. मला डोंगराच्या बाजूलाच पडता येतं, दुसऱ्या बाजूची कंबर गेलीय.

मी हसून सोडून दिलं. पेनल्टी मिळेल हे याला आधीच कसं ठाऊक? बढाईखोर माणूस.

२४ मे, रात्री

स्टेडियम भरलेलं. मशाली, धूर, माझं नाव.

पेनल्टी मिळाली. मी डोंगराच्या बाजूला मारली. जेंगिझ तिथेच पडलेला होता. चेंडूला एवढा वेग, की त्यानं दोन्ही हात पोटाशी ओढून घेतले. गोल. नंतर शिव्या देत होता. हरलेला गोलकीपर शिव्या देतोच.

पोरांनी मला खांद्यावर उचललं. पूर्ण फेरी मारली. हायरेत्तिनसाहेब रडत होते. धूर फार होता.

फेरी संपल्यावर पोरांनी मला लाइनीच्या बाहेर उतरवलं. माझ्या जागी दुसरा आत गेला. मीही आत निघालो, तर रेफरीनं छातीला हात लावला. म्हणाला, दादा, झालं की आता. खेळू दे त्यांना.

खेळ सुरू झाला.

मी लाइनीलगत वॉर्म-अप करत राहिलो. इकडून तिकडे, तिकडून इकडे. कुणाचं मन बदललं तर तयार असावं. होजा बघत होते. संघ चांगला खेळला. तीन गोल केले. एकदाही कुणी मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी पळतच होतो.

नेव्हिन कठड्यापाशी आली. म्हणाली, घामात उभा राहू नकोस, कोट घाल.

घातला.